व्यापारी वकील येऊन राह्यले

१ जानेवारी १९५९, बाभुळगाव
नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प असे: पहाटे पाचला उठणे. थंड पाण्याने स्नान. टेबलावर जेवण असल्याप्रमाणे ताठ बसून जेवणे. इथल्या बोलीचा एकही शब्द तोंडात येऊ न देणे, कारण एकदा जीभ बिघडली की पुण्यात तोंड दाखवता येत नाही. ही वही कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं तेच लिहिणे.
आज आठला उठलो. मैनाबाईंनी पाणी तापवून ठेवलं होतं. ते वाया घालवणं बरं दिसलं नसतं.

३ जानेवारी
विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्या भानगडीत मी विदर्भात आलो. विकास गटात समाजशिक्षण संघटक. लोकांना शहाणं करायचं, असं थोडक्यात काम. त्यामुळे गाव मला मास्तर म्हणतं. दोन महिने झाले, अजून सुरुवात नाही. मारोतरावांच्या घरात दोन खोल्या घेतल्या आहेत. कापूस-तुरीचं मोठं शेत (इथे म्हणतात वावर), माणूस सज्जन, पण भाषा अशुद्ध. मैनाबाई त्यांची पत्नी. स्वयंपाक उत्तम, भाषा त्याहून अशुद्ध.
माणिक पुण्याला माहेरीच आहे. नाना (सासरे, निवृत्त पोस्टमास्तर) लिहितात, तुमचं तिकडे काही नीट मार्गी लागलं की मुलीला पाठवू. नीट म्हणजे काय ते लिहीत नाहीत. लग्नाला दीड वर्ष झालं, त्यात आम्ही एकत्र राहिलो पाच महिने.

६ जानेवारी, दुपारी ३
माझ्या आयुष्यातलं सर्वात महत्त्वाचं सर्क्युलर आज आलं. मुंबईच्या भारत-झेकोस्लोव्हाक स्नेहसंवर्धन मंडळाचं. गावोगाव शाखा काढायच्या. दोन मित्रराष्ट्रांत व्यापार आणि संस्कृती यांची देवघेव वाढवायची. फेब्रुवारीत वकिलातीतले मि. कोलार कापसाचा मुलूख पाहायला येणार. आणि ग्रामीण भागातल्या एका माणसाला मि. कोलार यांच्या शिफारशीने मे महिन्यात सहा आठवडे प्रागला नेणार.
आमच्या गटविकास अधिकारी साहेबांनी ते सर्क्युलर रद्दीत टाकलं होतं. दैवयोगानेच मला मिळालं.
माणिकला लिहिलं, 'मे महिन्यात मी बहुधा युरोपात असेन.' नंतर 'बहुधा' खोडलं.

९ जानेवारी
शाखेची स्थापना. सभा मारोतरावांच्या ओसरीवर. हजर: मी (कार्यवाह), मारोतराव (ओसरी त्यांचीच असल्यामुळे) आणि वाहिद मिस्त्री, जे विहिरीवरचं इंजिन बघायला आले होते आणि पाऊण तास बसून राहिले.
मी दोन राष्ट्रांच्या संबंधांवर बोललो. वाहिद मिस्त्रींनी विचारलं की जिनिंगवाल्या शेठकडे त्या देशाचा ट्रॅक्टर आहे, त्याचा एक पार्ट तुटला, तो मिळत नाही म्हणून मी भट्टीत बनवून बसवला, चालून राह्यला चांगला, पण असली पार्ट कसा असते ते त्या साहेबाले विचारून देता काय. मी सांगितलं, मिस्त्री, हे राजनैतिक काम आहे, इथे नट-बोल्ट आणू नका. मिनिट्समध्ये त्यांचा प्रश्न घेतला नाही.

१३ जानेवारी
झेक भाषेचे रोज दहा शब्द शिकायचे होते. पाच दिवसांत दोन झाले. पण ते दोन पक्के. 'दोब्री देन' म्हणजे नमस्कार. मुंबईच्या मंडळाने पुस्तिका पाठवली आहे.
घरात सराव सुरू केला. मैनाबाईंना सकाळी दोब्री देन म्हटलं. त्या म्हणाल्या, दुबार कायले देऊ, एकदा तं देल्ला चहा. मारोतरावांना वाटलं मी दुबार पेरणीबद्दल बोलतो आहे. जानेवारीत कोनती पेरनी जी, म्हणाले, आणि काळजीने माझ्याकडे बघत राहिले.
अशा वातावरणात संस्कृती कशी रुजणार.

१७ जानेवारी
सकाळी मैनाबाई म्हणाल्या, मास्तर, दूध येऊन राह्यलं. मी भांडं घेऊन दारात गेलो. दूध नाही, गवळी नाही. अर्धा तास थंडीत उभा. शेवटी गवळी आला. दूध 'येऊन राहिलं' म्हणजे आलं आणि राहिलं, असा सरळ अर्थ होतो. मैनाबाई हसून म्हणाल्या, येऊन राह्यलं म्हंजे रस्त्यात हाय. मी त्यांना भूतकाळ आणि वर्तमानकाळ यांतला फरक समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि भांडं घासायला नेलं.
(पाचला उठण्याचा संकल्प उन्हाळ्यात अंमलात आणावा. युरोपात तर लोक उशिराच उठतात.)

२२ जानेवारी
पत्र आलं. मि. कोलार १४ फेब्रुवारीला सकाळच्या गाडीने धामणगावला उतरणार. तिथून मोटारीने दहाला बाभुळगाव. बाराला यवतमाळकडे. दोन तास. दोन तासांत मी त्यांना जिंकणार.
'धामणगावला घ्यायला जावं का' असं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, जीप नाही, इथेच थांबा. इथेच थांबणं जास्त भारदस्त दिसेल, हे मलाही पटलं.
सूचनाफलक स्वतः लिहिला. शुद्ध, ठसठशीत. 'झेकोस्लोव्हाकियाचे व्यापारी वकील मि. कोलार यांचे शुभागमन. नागरिकांनी आपापले प्रश्न घेऊन अगत्य उपस्थित राहावे.' चावडीवर, जिनिंगच्या फाटकावर आणि एस.टी.च्या थांब्यावर लावला. वकील हा आपला जुना दरबारी शब्द. पेशव्यांकडे परमुलखाचे वकील असत. कॉन्सुल-बिन्सुल लिहून भाषा बाटवायची मला गरज वाटत नाही.

२६ जानेवारी
झेंडावंदन. नंतर चार माणसांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तो वकील कोनत्या कोर्टात बसते. मी समजावलं. ते मान हलवून गेले. मला वाटतं समजलं.

२९ जानेवारी
समजलेलं नाही. आज अकरा माणसं. सगळ्यांच्या बगलेत कापडात बांधलेले कागद. तांड्यावरच्या रामीबाई सगळ्यांत खमक्या. त्यांचा आणि शेजारच्या वावराच्या भीमसिंगचा धुऱ्यावरून सात वर्षं दावा चालू आहे. धुरा म्हणजे बांध. दोन हात रुंद जमीन, त्यावर एक बोरीचं झाड.
मी म्हटलं, बाई, हे दोन देशांच्या मधले वकील आहेत. त्या म्हणाल्या, दोन देशाच्या मधात बोलते तं दोन वावराच्या मधात काहून नाही बोलत? त्याले काय जड हाय?
याचं उत्तर लेखी देईन, असं सांगून मी आत गेलो.

४ फेब्रुवारी
भाषण पूर्ण. इंग्रजीत, अकरा पानं. मैनाबाई तूर निवडत होत्या, त्यांच्यासमोर तालीम केली. चौथ्या पानावर त्यांनी विचारलं, मास्तर, हे कोनाले रागवून राह्यले तुमी?
जेवणाचा प्रश्न. त्या म्हणतात पानगे करते, गवरीच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, संगं वांग्याची भाजी. युरोपातला माणूस शेणाच्या निखाऱ्यावरचं खाईल का? मी कटलेट ठरवले आहेत. यवतमाळला एकाला येतात म्हणे.

८ फेब्रुवारी
नानांचं कार्ड. 'प्रागचे निश्चित कळवावे. माणिक विचारते.' एवढंच. पण माणिक विचारते.
परत आल्यावर मला पुण्याला बदली मिळेलच. नाही तर निदान माणिक इथे येईल. परदेशी जाऊन आलेल्या माणसाच्या बायकोला बाभुळगावात कमीपणा नाही. हे मी तिला लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी
सर्व सिद्धता. लग्नातला लोकरी कोट इस्त्री केला. हार आला. कटलेटवाला उद्या नऊला येतो. मैनाबाईंनी तरीही गवऱ्या रचल्या आहेत, म्हणतात, राहू द्या, घरच्यायले होतीन.
आता झोपतो. उद्या पाचला उठणार, या वेळी नक्की.

१४ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
घाईत लिहितो आहे. मारोतराव आत्ता एस.टी.च्या थांब्यावरून आले. मी विचारलं, कोलार साहेबांचं काय? म्हणाले, साहेब धामणगावले येऊन राह्यले.
येऊन राहिले! म्हणजे कालच आले आणि धामणगावला मुक्काम करून बसले! आणि मला पत्ता नाही. धामणगाव अमरावती जिल्ह्यात, आपण यवतमाळ जिल्ह्यात. अमरावतीकरांनी पाहुणा मधल्या मध्ये पळवला. आता ते त्याला जेवू घालणार, भाषण करणार, आणि प्रागला त्यांच्यापैकी एखादा जाणार.
इथे बसून चालणार नाही. पाहुणा जिथे उतरला असेल तिथे जाऊन त्याला आणणं हाच खरा प्रोटोकॉल. सायकल काढतो. पंधरा मैल. ऊन आहे म्हणून मैनाबाईंनी मारोतरावांचा दुपट्टा डोक्याला बांधायला लावला. कोट, भाषण आणि हार कॅरिअरला.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
क्रमाने लिहितो.
सहाव्या मैलावर समोरून धूळ आली. धुळीत मोटार. मोटारीवर छोटा झेंडा. मी ओळखलं. सायकल टाकली, हार उंच धरला आणि जीव खाऊन ओरडलो, थांबा! स्टॉप! दोब्री देन! आतल्या गोऱ्या माणसाने काच खाली केली, हसला, हात हलवला. पुढे बसलेल्या माणसाने कॅमेरा काढून फोटो घेतला. मोटार गेली. मी त्या धुळीत हार धरून उभा.
सायकल फिरवली. अर्ध्या मैलात मागचं चाक बसलं. साडेपाच मैल चाललो. पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि मि. कोलार यवतमाळला गेले होते.
पुढचं मारोतरावांनी सांगितलं, मी न विचारता.
मि. कोलार हिंदी बोलतात. प्रागमध्ये शिकले आहेत. अकरा पानी इंग्रजीची आवश्यकताच नव्हती. कार्यवाह कुठे आहेत असं त्यांनी विचारलं, साहेबांनी सांगितलं सायकलवर कुठेतरी गेले. मग वाहिद मिस्त्री त्यांना ट्रॅक्टर दाखवायला घेऊन गेले. भट्टीत बनवलेला तो पार्ट बघून मि. कोलार जमिनीवर उकिडवे बसले आणि उठेचनात. त्यांच्या आडनावाचा अर्थ म्हणे चाकं बनवणारा. आजोबा गाड्यांची चाकं करायचे. वाहिद मिस्त्री म्हणाले, मंग तं तुमी आपल्यातलेच निंगाले. दोघांनी दीड तास नट-बोल्टावर चर्चा केली.
तेवढ्यात रामीबाई आणि त्यांच्या मागे चाळीस माणसं कागद घेऊन. मि. कोलार यांना वाटलं हीच इथली स्वागताची पद्धत. त्यांनी रामीबाईंचं सगळं ऐकलं आणि मग भीमसिंगला विचारलं, धुरा कुणाचा ते राहू दे, बोरं कोण खातं? भीमसिंग म्हणाला, दोघांचेही पोट्टे. मि. कोलार म्हणाले, मग भांडण कोणाचं आहे? चाळीस माणसं हसली. परक्या माणसासमोर दोघांना लाज वाटली असावी. सात वर्षांचा दावा, दोघांनी तिथेच सोडला.
कटलेटवाला आलाच नाही. मि. कोलार यांनी चार पानगे खाल्ले.
माझे पाय सुजले आहेत. आणखी काही लिहिण्यासारखं नाही. फार वाईट वाटतं आहे, ते इथे लिहायला हरकत नाही.

१५ फेब्रुवारी
रात्रभर विचार करून निष्कर्ष काढला. दोष व्याकरणाचा आहे. 'येऊन राह्यले' म्हणजे 'येत आहेत' असा इथे अर्थ होतो, हे मला कुणीही अधिकृतपणे कळवलेलं नाही. मैनाबाई म्हणतात, दुधाच्या दिवशी सांगतलं होतं ना जी. दुधाची गोष्ट वेगळी. बदलीच्या आदेशासोबत बोलीतल्या क्रियापदांचा तक्ता जोडावा, असं सरकारला लिहिलं आहे.

२० फेब्रुवारी
आज मन शांत. नीट पाहिलं तर भेट माझ्यामुळेच यशस्वी झाली. शाखा माझी. फलक माझा. चाळीस माणसं फलकामुळेच आली. कटलेटवाला निवडला मी, आणि तो आला नाही म्हणून पानगे खाल्ले गेले. हे सर्व मुंबईच्या मंडळाला सविस्तर कळवलं. शेवटी विनंती केली की आपल्या मासिक पत्रिकेत या दौऱ्याचा वृत्तांत येईल, त्याची एक प्रत परस्पर नानांच्या पुण्याच्या पत्त्यावर धाडावी. माझं नाव छापून आलेलं नानांनी आपल्या डोळ्यांनी वाचावं. मी सांगण्यात मजा नाही.
माणिकलाही लिहिलं, 'पत्रिकेत पाहा.'

५ मार्च
मुंबईहून उत्तर नाही. राजनैतिक कामात धीर हा पहिला गुण. झेक शब्द: आज शून्य. एकदम प्रागला जाऊनच शिकलेले बरे, उच्चार शुद्ध येतात.

१९ मार्च
दुपारी वाहिद मिस्त्री घरी आले. रोजा होता, चहा घेतला नाही. हातात मुंबईचं इंग्रजी पत्र. मास्तर, हे वाचून द्या, म्हणाले, आपल्या गावात एवढं इंग्रजी तुमालेच येते.
मला वाटलं माझंच पत्र चुकून त्यांच्या पत्त्यावर गेलं. मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'आम्हांला कळवण्यास आनंद वाटतो' इथपर्यंत माझा आवाज चांगला होता. पुढे नाव आलं. वाहिद. मे महिन्यात सहा आठवडे, ट्रॅक्टरचा कारखाना, प्राग शहर पाहणे वगैरे.
मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच.
मिस्त्रींनी पत्राची घडी घालून ते माझ्याच हातात दिलं. मग म्हणाले, मास्तर, हे तुमचं होतं ना? तुमीच जा ना जी. मी तं मशीनवाला मानूस, मले कायले घेऊन राह्यले. मी म्हटलं तसं करता येत नाही. खरं तर त्या क्षणी मला 'बरं' म्हणावंसं वाटलं होतं. मग त्यांनी विचारलं, तथी थंडी लय असते काय? मी आत जाऊन लग्नातला कोट आणून दिला. त्यांना खांद्यात थोडा घट्ट होतो.

२ एप्रिल
पत्रिका आली. दौऱ्याचा वृत्तांत पान चार. वाहिद मिस्त्रींवर दोन परिच्छेद. रामीबाई आणि भीमसिंग यांच्यावर एक. पानग्यांवर चार ओळी, मैनाबाईंच्या नावासकट. माझं नाव भिंगाने शोधलं, नाही.
मात्र पानाच्या मधोमध मोठा फोटो आहे. धुळीचा रस्ता. आडवी पडलेली सायकल. डोक्याला दुपट्टा, सदरा बाहेर, हातात हार घेऊन तोंड भरून हसणारा माणूस. (मी हसत नव्हतो, 'थांबा' म्हणत होतो.) खाली छापलं आहे: 'यवतमाळ जिल्ह्यातील एका साध्या शेतकऱ्याने मि. कोलार यांचे वाटेतच केलेले उत्स्फूर्त स्वागत.'
मारोतरावांना दाखवला. दूर धरून, जवळ धरून पाहिला. म्हणाले, दुपट्टा तं माहाच होय. मानूस नाही वळखू येऊन राह्यला.

८ एप्रिल, सकाळी
नानांचं पत्र. या वेळी कार्ड नाही, पाकीट. उतरवून ठेवतो.
'पत्रिका पोचली. आपले नाव कोठे आढळले नाही. प्रागला कोणी मिस्त्री जाणार असे दिसते. असो. चौथ्या पानावर एका शेतकऱ्याचा फोटो आहे, तो माणिकने कापून देवघरात ठेवला आहे. ते तुम्हीच असा तिचा हट्ट. पाच महिन्यांत तुम्हांला असे मोकळे हसताना तिने पाहिले नव्हते, म्हणते. तुम्ही तेथे असे हसत असाल तर ती युरोपाची वाट पाहायला तयार नाही, चालू महिन्यातच बाभुळगावला येते म्हणते. मी तिला सांगितले की आमचे जावई भर रस्त्यात दुपट्टा बांधून मोटारींना हात करणारे नव्हेत. तरी उलटटपाली खुलासा करावा.'

त्याच दिवशी, दुपारी ४
खुलासा केला. सरळ आणि सभ्य भाषेत. 'ती. नाना, आपला तर्क योग्य आहे. सदर गृहस्थाशी माझा काहीही संबंध नाही, तो कोणी इकडचा शेतकरी असावा.' माझी इभ्रत राखली गेली. कार्ड स्वतः नेऊन पेटीत टाकलं.
घरी आलो. मैनाबाईंनी विचारलं, सूनबाई येते म्हंते काय? पत्र आलं ना आज? मी त्यांना नानांचं पत्र वाचून दाखवलं, आणि मग मी काय उत्तर लिहिलं तेही. त्या सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मंग आता ते कायले येईन जी?
मी धावत पोस्टात गेलो. पेटी उघडून झाली होती. टपाल पाचच मिनिटांपूर्वी मोटारीने गेलं.